थोरलीच्या हातातलं ब्लीच

ओयिंकन ब्रेथवेटच्या 'माय सिस्टर, द सीरियल किलर' या कादंबरीची सुरुवात एका फोनने होते. लागोसमध्ये नर्स असलेली कोरेडे जेवायला बसणार, तेवढ्यात धाकट्या आयूलाचा फोन येतो: मी त्याला मारलं. 'त्याला' म्हणजे फेमीला, तिच्या बॉयफ्रेंडला. हा तिसरा. कोरेडे ताट तसंच टाकून ब्लीच आणि हातमोजे घेऊन निघते.

ही ओळख वाचून मीही मजेमजेत पुस्तक उघडलं होतं. दीड-दोन पानांची प्रकरणं, एका शब्दाची शीर्षकं, त्यामुळे लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर वाचायला झकास. २०१८ला आलेली ही कादंबरी पुढच्या वर्षी बुकरच्या लाँगलिस्टमध्ये होती आणि थ्रिलर म्हणून तिचं भरपूर कौतुक झालं. पण मला ती थ्रिलर वाटत नाही. खून कोणी केला हे पहिल्याच पानावर कळतं. उरतो तो एकच प्रश्न: थोरली कधी थांबणार?

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे कोरेडे मला लगेच ओळखीची वाटली. ती कायमची ऑन-कॉल आहे. रात्री इश्यू येतो, ती जाते, फरशी घासते, प्रेत गाडीत घालून थर्ड मेनलँड ब्रिजवरून पाण्यात टाकते आणि सकाळी ड्युटीवर हजर. नंतर आयूलाचं सोशल मीडियाही तीच सांभाळते: प्रियकर 'बेपत्ता' आहे, आता हसरे फोटो टाकू नकोस. सगळं निस्तरलं जातं, पण मूळ बिघाड कुठे आहे हे कोणी बघत नाही.

तो बिघाड त्या घरात आहे. बाप मारकुटा, बाहेरून प्रतिष्ठित. एका बड्या 'चीफ'ची मर्जी राखायला कोवळ्या आयूलाला त्याच्या हवाली करायला निघालेला. त्याच्या मृत्यूला दहा वर्षं झाली म्हणून घरचे थाटात कार्यक्रम करतात आणि दोघी मुली त्यात मुकाट्याने सामील होतात. तो नेमका कसा मेला, हे लेखिका अर्धवट उजेडातच ठेवते. आयूला ज्या सुरीने पुरुषांना मारते ती मात्र त्याचीच, त्याने जिवापाड जपलेली. सुरी जरा जास्तच सोयीचं प्रतीक आहे, पण चालतं.

मला खरं अडकवलं ते एका साध्या गोष्टीने. आयूला जन्मते तेव्हा आई कोरेडेला बजावते की आता तू मोठी, धाकटीला सांभाळायचं. हे वाक्य आपल्याकडे कुठल्या घरात बोललं गेलं नाही? मी धाकटी. सेकंड इयरला माझ्या दोन केटी लागल्या, तेव्हा ताईने बाबांना 'रिझल्ट अजून लागायचाय' असं सांगितलं आणि फॉर्मचे पैसे स्वतःच्या पगारातून भरले. मी कुणाचा खून केला नव्हता, मान्य. पण पुढच्या सेमिस्टरला मी निर्धास्त होते, हे आठवून आत्ता पोटात गोळा आला.

कादंबरीची कमजोर बाजूही तिथेच आहे. आयूला सुंदर, बेफिकीर, लाडावलेली. याच्या आत काय चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही. प्रत्येक वेळी ती स्वसंरक्षणाचं कारण देते. बापाचा इतिहास पाहता एखाद्या वेळी ते खरंही असेल! पण आपण कोरेडेच्या डोळ्यांनीच बघतो आणि ते डोळे मत्सराने भरलेले आहेत, कारण तिला आवडणारा डॉक्टर टाडेही धाकटीवरच भाळतो. कोमातला मुहतार, ज्याच्यापाशी कोरेडे सगळं बोलून मोकळी होते, तो तर चक्क लेखिकेची सोय आहे. रुग्ण नेमका हवा तेव्हा शुद्धीवर येतो आणि ऐकलेलं त्याला आठवतंही.

(पुढे शेवट सांगतेय.) आयूला टाडेवरही सुरी चालवायला जाते, झटापटीत स्वतःच जखमी होते आणि आळ त्याच्यावर येतो. कोरेडेला खरं माहीत असतं, तरी ती बहिणीची बाजू घेते. मला वाटलं, बिचारी, लहानपणापासूनच्या वळणापुढे तिचं काय चालणार.

ताईला पुस्तक पाठवलं. तिने दोन रात्रींत संपवलं आणि फोनवर म्हणाली, "बिचारी कसली गं? तिच्याशिवाय कुणाचं तरी अडतंय, हेच तिला हवंय." मी वाद घातला. मग शेवटची प्रकरणं परत वाचली. मुहतार हॉस्पिटलमधून जाताना आपला नंबर देऊन जातो. या सगळ्यातून बाहेर पडायची ती एक वाट. कोरेडे तो कागद जाळते आणि आयूलाच्या नव्या पाहुण्याचं स्वागत करायला खाली जाते. त्या क्षणी तिच्यावर कोणाचीही सक्ती नसते. आईची नाही, बहिणीचीही नाही.

हे मला पहिल्या वाचनात दिसलं नव्हतं. ताईला दिसलं. तिला ते कसं दिसलं, हे मी अजून विचारलेलं नाही.