परक्याचे ओझे
(दोन ऑस्ट्रेलियन चित्रपटांतील वाळवंट, प्रेम आणि मृत्यू)

वाळवंटातल्या प्रेमकथा आपल्या उपखंडाला नव्या नाहीत. सिंधमधली ससुई पुन्हूच्या मागावर एकटीच वाळू तुडवत निघते. राजस्थानातला ढोला उंटावर बसून मारूला आणायला जातो. अरबस्तानातून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला मजनू लैलेच्या ध्यासाने रानोमाळ भटकतो. या सगळ्या कथांत प्रेम आधीच जडलेले असते आणि वाळवंट त्याच्या आड येते. विसाव्या शतकात सिनेमाने ही मांडणी उलटी केली. तिथे दोन अनोळखी माणसे वाळवंटात अडकतात आणि अडकली म्हणूनच एकमेकांजवळ येतात. वाळवंट हा अडसर न राहता जुळवणारा मध्यस्थ होतो.

या नव्या साच्याची सोय उघड आहे. शहरात दोन भिन्न संस्कृतींची माणसे भेटली, तर त्यांच्यामध्ये घर, जात, वर्ण, भाषा, पगार असे सगळेच येऊन बसते. वाळवंटात यातले काही नसते, असे हा साचा गृहीत धरतो. उरतात फक्त एक स्त्री, एक पुरुष आणि तहान. मला हे गृहीतकच तपासून पाहावेसे वाटते. त्यासाठी मी दोन चित्रपट निवडले आहेत: निकोलस रोगचा ‘वॉकअबाउट’ (१९७१) आणि स्यू ब्रुक्सचा ‘जॅपनीज स्टोरी’ (२००३). दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीत घडतात. दोन्हींत एक गोरी स्त्री आणि एक परका पुरुष आहे. दोन्हींत पुरुष मरतो आणि स्त्री शहरात परतते. हा योगायोग नसावा.

‘वॉकअबाउट’ जेम्स व्हान्स मार्शल या नावाने १९५९मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीत मुले विमान कोसळल्याने वाळवंटात अडकतात. रोगने ही अपघाताची सोय काढून टाकली. त्याच्या चित्रपटात बापच मुलांना गाडीतून माळावर नेतो, त्यांच्यावर गोळ्या झाडतो, गाडी पेटवून देतो आणि स्वतःला संपवतो. म्हणजे ही मुले निसर्गामुळे अडकलेली नाहीत; त्यांच्या स्वतःच्या सुसंस्कृत जगाने त्यांना तिथे आणून टाकले आहे. मग एक आदिवासी किशोर भेटतो. मुलगी त्याच्याकडे इंग्रजीत पाणी मागत राहते आणि त्याला काही कळत नाही, हे तिला खरेच वाटत नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र पिण्याची खूण करतो आणि प्रश्न मिटतो. पुढचे सगळे या छोट्या प्रसंगात आहे. भाषेची भिंत मुळात उंच नव्हती. मुलीला ती ओलांडायची गरज वाटली नाही, एवढेच.

शेवटाकडे एका ओसाड घरापाशी तो किशोर तिच्यासमोर नाचतो. ते प्रणयाराधन आहे हे प्रेक्षकाला कळते. ती घाबरते, आत लपते. सकाळी तो झाडावर मृत आढळतो. कादंबरीतला मुलगा गोऱ्या मुलांकडून लागण झालेल्या आजाराने मरतो. चित्रपटातला नकाराने मरतो. कित्येक वर्षांनी ती मुलगी शहरातल्या स्वयंपाकघरात उभी असते, नवरा बढतीच्या गप्पा सांगत असतो आणि तिच्या डोळ्यांपुढे ते तिघे पाणवठ्यात पोहताना येतात. चित्र फार सुंदर आहे, आणि मला ते नेमके तिथेच खटकते. मेलेल्या मुलाची आता सुखद आठवण झाली आहे. त्याला कोणी पुरले का, त्याच्या माणसांना कळवले का, हे चित्रपट विचारत नाही. आठवणीला वजन नसते. ती कुणालाही उचलावी लागत नाही.

‘जॅपनीज स्टोरी’ या जागेपासून पुढे जातो. अ‍ॅलिसन टिल्सनची पटकथा वरवर अगदी साध्या वळणाची आहे. सँडी (टोनी कोलेट) ही पर्थमधली भूगर्भशास्त्रज्ञ. तिच्या कंपनीला आपले सॉफ्टवेअर विकायचे आहे, म्हणून हिरोमित्सु ताचिबाना (गोतारो त्सुनाशिमा) या जपानी पाहुण्याला पिलबारा भाग दाखवण्याचे काम तिच्या गळ्यात पडते. तो तिला ड्रायव्हर समजतो. त्याचे जड सामान तीच गाडीत चढवते आणि तो उभा राहून पाहतो. प्रेक्षक हसतो. त्याच्याच हट्टाने गाडी आडवाटेला लागते आणि लाल मातीत रुतते. चूक आपली आहे या लाजेने तो मदत मागवू देत नाही. रात्र थंडीत काढावी लागते. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून माती उपसतात, चाकांखाली काटक्या अंथरून वाट तयार करतात आणि गाडी निघते.

समीक्षेत बहुधा त्या रात्रीचे महत्त्व सांगितले जाते. मला महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. ही माणसे अडकण्याने जवळ आलेली नाहीत, सुटण्याच्या कामाने आली आहेत. रात्री दोघेही आपापल्या अपमानात बुडालेले असतात. सकाळी हाताला काम मिळते आणि सूट घालून आलेला पाहुणा मातीने माखतो. भाषा तेवढीच तुटपुंजी राहते, पण आता दोघांना मिळून एका गोष्टीबद्दल बोलायचे असते. साच्यातल्या कथा ज्याला ‘नियती’ म्हणतात, तिथे ब्रुक्स श्रम दाखवते.

पण हे दोघे सगळे मागे टाकून आले आहेत का? मुळीच नाही. हिरोमित्सु इथे येण्याचे कारणच लोखंड आहे. ऑस्ट्रेलियाने १९३८मध्ये लोहखनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. १९६०मध्ये ती सैल झाल्यावर पिलबारातल्या प्रचंड खाणी उभ्या राहिल्या त्या मुख्यतः जपानी पोलाद कारखान्यांच्या मागणीवर. गोव्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. १९५०च्या दशकापासून मुरगावहून जपानला गेलेल्या खनिजाने तिथल्या गावांचा, नद्यांचा आणि बागायतींचा रंग कसा बदलला, हे त्याने पाहिले आहे. शिवाय युद्ध आहे. १९४२मध्ये जपानी विमानांनी डार्विन, ब्रूम आणि पोर्ट हेडलँडवर बॉम्ब टाकले होते. चित्रपटात एक म्हातारा नावाडी या भीतीची आठवण काढतो आणि आता तुम्हीच इथले मालक झालात अशा अर्थाचे काही बोलून जातो. वाळवंट रिकामे नाही. त्यात हिशेब पुरलेले आहेत.

एक हिशेब मात्र चित्रपट उघडत नाही. इतकी जागा, माणसे नाहीत, याची आपल्याला भीती वाटते, असे हिरोमित्सु म्हणतो. सँडी त्याला दुरुस्त करत नाही, चित्रपटही करत नाही. याच पिलबारात १ मे १९४६ रोजी शेकडो आदिवासी पशुपालक मजुरांनी गोऱ्या मळेवाल्यांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९४९पर्यंत चालला. याच पिलबारात जूकन घळीतले निवारे होते. तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसांच्या वावराच्या खुणा सापडल्या होत्या. मे २०२०मध्ये लोहखनिजासाठी ते सुरुंगाने उडवले गेले. ‘वॉकअबाउट’ने आदिवासी माणसाला निदान मरण्यापुरते तरी पडद्यावर आणले. ‘जॅपनीज स्टोरी’मध्ये त्याची जागा जपानी पाहुण्याने घेतली आहे आणि जमीन ‘मोकळी’ झाली आहे. दोन परक्यांच्या या प्रेमकथेसाठी ज्यांची ती भूमी, त्यांना चौकटीबाहेर ठेवावे लागले, हे विसरून चालणार नाही.

मग तो प्रसंग येतो. दोघे पाणवठ्यावर जातात. ती पाण्यात आहे. तो काठावरून धावत येऊन सूर मारतो आणि पुन्हा जिवंत वर येत नाही. ‘वॉकअबाउट’चा शेवट ज्या पाण्याच्या स्वप्नाने झाला, त्याच पाण्यात इथे स्वप्न संपते. आणि चित्रपट मात्र संपत नाही. सँडीला ते शरीर पाण्याबाहेर ओढावे लागते, पुसावे लागते, धापा टाकत गाडीत चढवावे लागते, आणि मग वस्तीपर्यंतचा लांब रस्ता कापावा लागतो. कॅमेरा तिची सुटका करत नाही. सुरुवातीला जिने त्याचे सामान चिडून उचलले, तीच आता त्याला उचलते. विनोदाचे शोकात झालेले हे रूपांतर एकाही संवादाशिवाय होते.

गोऱ्या नायिकेला शहाणपण यावे म्हणून पुन्हा एक परका पुरुष मारला गेला, हा आक्षेप या चित्रपटावर घेता येतो आणि तो अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी शेवटचा भाग पाहावा लागतो. हिरोमित्सुची पत्नी युकिको येते. सँडी अचानक कोणीच उरत नाही: पाहुण्याला फिरवणारी कंपनीची बाई, एवढीच. तिला रडण्याचा हक्क नाही, सुतक नाही, नाते सांगायला शब्द नाही. तिची आई मृत्युलेखांची कात्रणे चिकटवहीत जपून ठेवते. सँडीला आधी त्याची चीड येत असे. आता तिच्याकडे चिकटवण्याजोगे कात्रणही नाही. विमानतळावर ती युकिकोची क्षमा मागते. ती कशाबद्दल, हे दोघींना वेगवेगळे कळत असावे. मेलेला माणूस इथे आठवण होऊन राहत नाही. त्याचे घर आहे, त्याचे माणूस आहे, आणि ते माणूस समोर येऊन उभे आहे. ‘वॉकअबाउट’ने न विचारलेला प्रश्न इथे विचारला जातो.

पिलबाराच्या उत्तरेला, ब्रूम गावात, जपानी दफनभूमी आहे. मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात बुड्या मारायला आलेले नऊशेहून अधिक जपानी तिथे चिरनिद्रा घेत आहेत. १९०१मध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना देश बंद झाला, तरी बुड्या मारणारे जपानी हवे होते म्हणून त्यांच्यासाठी दार किलकिले ठेवले गेले. कुणी बुडून गेले, कुणी वादळात, कुणी खोल पाण्यातून वर येताना जडणाऱ्या विकाराने. चित्रपटात या दफनभूमीचा उल्लेख नाही. पण पाण्यात मेलेला जपानी माणूस आणि त्याचे प्रेत घेऊन निघालेली ऑस्ट्रेलियन स्त्री हे चित्र पाहताना मला ते दगड आठवतात. त्या माणसांना पाण्यातून कोणी ओढून काढले असेल, कोणी पुसले असेल, आणि त्यातल्या एखाद्याशी आपले काय नाते होते हे सांगायला कुणाकडे शब्द नसेल.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचे आठ पुरस्कार या चित्रपटाला मिळाले. तो टिकेल तो त्यांच्यामुळे नव्हे. परक्यावर प्रेम करणे वाळवंटात सोपे असते, हे अशा सगळ्या कथा सांगतात. त्याचे ओझे घेऊन वस्तीत परत यावे लागते आणि तिथे त्याच्या माणसांपुढे उभे राहावे लागते, हे फार थोड्या सांगतात. ही त्यांतली एक आहे.