वाढ थांबली म्हणजे फाइल पूर्ण झाली?

बीड जिल्ह्यातील आमच्या परिचयाच्या एका शाळेत पावसाच्या नोंदी संगणकावर ठेवतात. पर्जन्यमापकाला जोडलेली एक आज्ञावली नोंदी फाइलमध्ये लिहिते. दुसरी ती फाइल वाचून तक्ता करते. पहिलीचे लिहून झाले हे दुसरीने ओळखायचे कसे? शिक्षकांना मिळालेल्या एका टिपणात उत्तर होते: फाइलचा आकार पाहा, पाच सेकंद थांबा, पुन्हा पाहा, वाढला नसेल तर फाइल पूर्ण झाली.

उत्तर सुटसुटीत आहे, पण चुकीचे आहे. आज्ञावली प्रत्येक अक्षर लगेच फाइलमध्ये टाकत नाही. अक्षरे आधी स्मृतीत साठतात आणि मग गठ्ठ्याने पुढे जातात. दोन गठ्ठ्यांमध्ये पाच सेकंद जातील की पाच मिनिटे, याला काही नियम नाही. उलट काही आज्ञावल्या सगळी जागा आधीच राखून ठेवतात. तेथे आकार पहिल्या क्षणापासून 'पूर्ण' दिसतो!

समजा, शेवटची नोंद ११२.४ मिलिमीटर आहे आणि गठ्ठा '११' पाशी तुटला. वाचणाऱ्या आज्ञावलीला यात काहीच वावगे वाटणार नाही, कारण ११ हाही पाऊसच. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात आणि पीकनुकसानीचे पंचामे त्यावर ठरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडच्या शेतकऱ्यांनी हा आकडा किती मोलाचा असतो ते अनुभवले. शाळेच्या नोंदीवर मदत ठरत नाही हे खरे, पण मुले आकडा वाचायला शिकतात ती येथेच.

फाइल उघडून पाहावी, असा दुसरा सल्ला त्याच टिपणात आहे. तो विंडोजवर बऱ्याच अंशी चालतो. फाइल 'केवळ माझ्यासाठी' म्हणून मागितली आणि ती दुसऱ्याकडे उघडी असली, तर नकार मिळतो. (आपण ती धरून ठेवलेल्या क्षणी लिहिणारीलाच नकार मिळू शकतो, हे टिपणात नाही.) लिनक्सवर मात्र दोघेही फाइल खुशाल उघडतात, तेथले कुलूप दोघांनी मानले तरच कुलूप. 'एलएसओएफ' ही आज्ञा फाइल कोणाकडे उघडी आहे ते सांगते, पण त्याच यंत्रापुरते. शिवाय आज्ञावली मध्येच कोलमडली तरी फाइल बंद होतेच. तेव्हा बंद झालेली फाइल अर्धवटही असू शकते.

आमचा मुख्य आक्षेप असा, की हे टिपण सगळा भार वाचणाऱ्यावर टाकते. काम संपले हे लिहिणाराच जाणतो. जुन्या पोथ्यांचे नकलकार शेवटी पुष्पिका लिहीत. ती नसली की पाने गहाळ असल्याची शंका येते. संगणकावरही हेच करता येते. फाइल तात्पुरत्या नावाने लिहावी, पूर्ण झाल्यावर खरे नाव द्यावे. त्याच चकतीवर नाव बदलणे एका झटक्यात होते, त्यामुळे वाचणाऱ्याला फाइल एकतर दिसत नाही किंवा पूर्ण दिसते. क्रोमने उतरवून घेतलेल्या फाइलला आधी '.सीआरडाउनलोड' हे शेपूट असते, ते याचसाठी. दुसऱ्या चकतीवर हलवताना मात्र ही युक्ती चालत नाही. तेथे पुन्हा नक्कलच होते.

पर्जन्यमापकाची आज्ञावली विकत आलेली असेल, तर ती बदलता येत नाही. अशा वेळी निदान ओळ संपल्याचे चिन्ह नसलेली शेवटची ओळ तक्त्यात घेऊ नये. ती पुढच्या फेरीत, पुरी झाल्यावर घ्यावी.