हातचे तीन गुण सोडावेत का? रोमर यांचा ‘चौथा डाऊन’ पेपर वाचताना

फिलाडेल्फियाच्या फुटबॉल स्टेडियमबाहेर एक पुतळा आहे. त्यात दोघे जण बोलताना दिसतात: ईगल्स संघाचा क्वार्टरबॅक निक फोल्स आणि प्रशिक्षक डग पेडरसन. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये मध्यंतराच्या थोडं आधी ईगल्स गोलरेषेपासून एका यार्डावर होते आणि चौथा डाऊन होता. किक मारली असती तर तीन गुण जवळपास खिशात होते. पेडरसन यांनी ते सोडले आणि एक चलाख डाव खेळला. टचडाऊन झाला, आणि पुढे ईगल्सनी पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवलं.

आता जानेवारी २०२४. सुपर बोलच्या एक पायरी आधीचा सामना. डॅन कॅम्पबेल यांचा डेट्रॉइट लायन्स संघ मध्यंतराला सॅन फ्रान्सिस्कोवर २४-७ असा पुढे होता. दुसऱ्या अर्ध्यात कॅम्पबेल यांनी दोनदा किकचा पर्याय सोडून चौथा डाऊन खेळला. दोन्ही वेळा पास फुकट गेला, त्यातला एक तर झेलणाऱ्याच्या हातातून सुटला. लायन्स ३१-३४ असे हरले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एकच सूर होता: हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?

एकाला पुतळा, दुसऱ्याला शिव्या. निर्णयाची जातकुळी मात्र एकच. संशोधनाला लागणाऱ्यांनी या प्रश्नापाशी थोडं थांबावं असं मला वाटतं, कारण यावर एक फार चांगला पेपर आहे, आणि तो चांगला असूनही त्याच्या शीर्षकाशी माझं भांडण आहे.

आधी खेळ समजून घेऊ

ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाऊन. दहा यार्ड झाले की नवे चार डाऊन. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला तीन रस्ते असतात. एक, लांब किक मारून चेंडू समोरच्याला दूर नेऊन द्यायचा. याला पंट म्हणतात. दोन, गोलखांब जवळ असतील तर फील्ड गोल मारून ३ गुण घ्यायचे. तीन, पुन्हा खेळायचं. हा प्रयत्न फसला, तर चेंडू आहे त्याच जागी समोरच्याला मिळतो. टचडाऊनचे ६ गुण, त्यावर सहसा मिळणारा एक, म्हणून आपण ७ धरू.

मैदानावरच्या जागेला गुणांत किंमत देता येते, ही कल्पना जुनी आहे. १९७१ साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी ती मांडली. यातले कार्टर स्वतः एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक होते! स्वतःच्या गोलरेषेला अगदी चिकटून चेंडू मिळाला, तर त्याची सरासरी किंमत शून्याच्याही खाली जाते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे चेंडू आपल्याकडे असूनही पुढचे गुण समोरच्याला मिळण्याचीच शक्यता जास्त.

रोमर काय करतात

डेव्हिड रोमर हे नाव अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्यांना त्यांच्या मॅक्रोच्या जाडजूड पाठ्यपुस्तकामुळे माहीत असेल. त्यांचा पेपर २००६ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आला. शीर्षकात प्रश्न आहे: कंपन्या खरंच कमाल फायद्याचे निर्णय घेतात का? आणि पुरावा आहे व्यावसायिक फुटबॉलमधल्या चौथ्या डाऊनचा.

त्यांचंच उदाहरण घ्या. सामना नुकताच सुरू झालाय, गोलरेषा दोन यार्डांवर, चौथा डाऊन. फील्ड गोलचे ३ गुण जवळपास नक्की. टचडाऊन मिळण्याची शक्यता साधारण सातात तीन, म्हणजे सरासरी तेही ३ गुणच. मग फरक कुठे? प्रयत्न फसला तर समोरच्याला चेंडू त्याच्याच गोलरेषेपासून दोन यार्डांवर मिळतो, म्हणजे अगदी कोंडीत. उलट तुम्ही गुण घेतलेत, तर किकऑफ होऊन त्याला बऱ्यापैकी मोकळी जागा मिळते. हे अपयशाचं मोल हिशेबात धरलं की खेळणंच फायद्याचं ठरतं. ‘हातचं सोडू नये’ ही म्हण हातातलं मोजते, पण नंतर समोरच्याच्या हातात काय पडतं ते मोजत नाही.

रोमर यांनी १९९८ ते २००० या तीन हंगामांतली चाल-दर-चाल नोंद घेऊन मैदानावरच्या प्रत्येक जागेची किंमत काढली आणि ती प्रशिक्षकांच्या खऱ्या निर्णयांशी ताडून पाहिली. जिथे गणित ‘खेळा’ म्हणतं, तिथे प्रशिक्षक बहुतेक वेळा किकच मारत होते. चूक अधूनमधून होणारी नव्हती, सतत एकाच दिशेने होणारी होती.

पद्धतीतल्या दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, त्यांनी फक्त पहिल्या क्वार्टरचा डेटा घेतला. शेवटी शेवटी संघ आघाडी आणि घड्याळ बघून खेळतात. सुरुवातीला मात्र ‘जास्त गुण’ आणि ‘जिंकण्याची जास्त शक्यता’ या गोष्टी जवळजवळ एकच असतात. दुसरी, चौथा डाऊन खेळल्याची उदाहरणंच कमी होती, कारण सगळे किक मारत होते. म्हणून त्यांनी तिसऱ्या डाऊनचे निकाल त्याच्या जागी वापरले. डेटा नाही म्हणून विषय सोडला नाही; जवळचं काय वापरता येईल ते शोधलं, आणि असं का चालेल यावर पेपरमध्ये जागा खर्च केली.

माझे आक्षेप

पहिला आक्षेप सरासरीवर. रोमर यांचा हिशेब लीगमधल्या सरासरी संघाचा आहे. पण निर्णय घेणारा प्रशिक्षक सरासरी संघ घेऊन मैदानात उतरत नाही. ज्याची पुढची फळी दणकट आहे त्याच्यासाठी दोन यार्ड वेगळे, आणि ज्याचा क्वार्टरबॅक जायबंदी आहे त्याच्यासाठी वेगळे. एकाच दिशेची एवढी मोठी चूक याने खोडली जात नाही, हे मान्य. पण एखाद्या प्रशिक्षकाच्या एखाद्या निर्णयावर हा पेपर आपटून ‘बघा, चुकला’ म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप पेपरवर कमी आणि तो वापरणाऱ्यांवर जास्त आहे. कॅम्पबेल यांच्या बचावासाठी अशा संशोधनाचा दाखला दिला जातो. पण त्यांचे निर्णय तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमधले होते! तिथे गुणांची सरासरी पुरत नाही, जिंकण्याची शक्यता मोजणारं मॉडेल लागतं. आणि ती मॉडेलं दिसतात तेवढी पक्की नसतात. ब्रिल, युर्को आणि वायनर यांनी २०२३ मध्ये मांडलेला मुद्दा यासाठी वाचावा. एका सामन्यात शंभरावर चाली असतात, पण जिंकलो की हरलो हा निकाल एकच. म्हणून लाखो ओळींचा डेटा दिसला तरी स्वतंत्र माहिती खूप कमी असते, आणि अंदाजातली अनिश्चितता मोठी. बऱ्याच चौथ्या डाऊनना प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ असंच येतं. म्हणजे ‘कॅम्पबेलनी सामना घालवला’ म्हणणारे जितके घाईत आहेत, तितकेच ‘गणिताने सांगितलं होतं’ म्हणणारेही.

तिसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा. शीर्षकातला प्रश्न कंपनीबद्दल आहे, पण डेटामधला निर्णय प्रशिक्षकाचा आहे. संघाला जिंकायचं असतं, प्रशिक्षकाला नोकरीही टिकवायची असते. किक मारून हरला तर खेळाडू हरले; खेळून हरला तर प्रशिक्षकाने हरवलं. नोव्हेंबर २००९ मध्ये पेट्रियट्सचे बिल बेलिचिक इंडियानापोलिसविरुद्ध ३४-२८ असे पुढे होते, सुमारे दोन मिनिटं उरली होती. स्वतःच्या २८ यार्डांवर, दोन यार्ड हवे असताना त्यांनी चौथा डाऊन खेळला, तो थोडक्यात हुकला आणि सामना ३४-३५ असा गेला. तीन सुपर बोल जिंकलेल्या माणसालाही तेव्हा झोडपून काढलं गेलं. मग ज्याची पहिलीच नोकरी आहे त्याने काय करावं?

रोमर शेवटी दोन्ही शक्यता मांडतात: प्रशिक्षकांना हिशेब कळत नसेल, किंवा त्यांचं उद्दिष्टच वेगळं असेल. पण त्यांचा डेटा या दोन्हींत निवाडा करू शकत नाही. ‘चूक झाली’ हे सिद्ध होतं, ‘चूक का झाली’ हे नाही. शीर्षकातला प्रश्न मात्र ‘का’वरच उभा आहे.

गेल्या काही वर्षांत संघ चौथा डाऊन पूर्वीपेक्षा बराच जास्त खेळू लागले आहेत. यावरून ‘कळत नव्हतं, आता कळलं’ असं म्हणायचा मोह होतो. पण मधल्या काळात संघमालकांनी आणि प्रेक्षकांनी प्रशिक्षकाला माफ करायची रीतही बदलली असेल. शिवाय नियम बदलले. किकऑफ थेट गोलरेषेपलीकडे जाऊन टचबॅक झाला, तर २०२५ पासून समोरच्याला चेंडू ३५ यार्डांवर मिळतो. म्हणजे गुण घेतल्यानंतरची किंमत वाढली, आणि दोन यार्डांवरच्या त्या उदाहरणात खेळण्याची बाजू आणखी भक्कम झाली. जुन्या पेपरचा निष्कर्ष टिकतो, पण त्यातले आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

आपल्यासाठी काय

पेपर वाचताना मी आता तीन प्रश्न समासात लिहितो. डेटामधला निर्णय नेमका कोणाचा आहे? शीर्षकातला दावा त्या डेटाएवढाच रुंद आहे का? आणि निकाल उलटा लागला असता तरी मी या निर्णयाला चांगलं म्हटलं असतं का?

तिसरा प्रश्न स्वतःलाही लागू होतो, म्हणून तो सगळ्यात जड जातो. सिनॉप्सिस लिहिताना आपल्यातले बहुतेक जण पंटच मारतात. दहा जणांनी केलेला विषय अकराव्या जिल्ह्यात करायचा. कोणी नाव ठेवणार नाही, व्हायवाही पार पडेल. कधीकधी तोच निर्णय बरोबर असतो, फेलोशिपची मुदत हेही एक घड्याळच आहे. पण किक मारताना एवढं तरी स्वतःशी कबूल करावं, की ती मारतोय ती हिशेब करून, की फक्त शिव्या चुकवण्यासाठी.