आस्वादकाची रुची आणि समीक्षकाचे दायित्व : ह्यू जॉन्सन यांचे वाइनविषयक लेखन

वाइनविषयक लेखनाचा विचार मराठी समीक्षेत सहसा होत नाही. वाइनला ‘मद्य’ म्हटले की विषय आस्वादाकडून थेट नीतीकडे वळतो आणि तेथेच थांबतो. तथापि इंग्रजीत या लेखनाची एक सशक्त गद्यपरंपरा आहे. चवीसारख्या अत्यंत खासगी अनुभवाला शब्दांत कसे पकडावे, हा तिच्यापुढील प्रश्न साहित्यसमीक्षेलाही परका नाही. या परंपरेतील अग्रगण्य लेखक ह्यू जॉन्सन यांच्या ‘वाइन : अ लाइफ अनकॉर्क्ड’ (2005) या आत्मपर ग्रंथाच्या आधारे त्यांच्या रुचीचा आणि मूल्यांचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जॉन्सन यांचा जन्म 1939 मध्ये लंडनला झाला. केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयात ते इंग्रजी साहित्य शिकले. तेथेच एका रात्री खोलीतील मित्राने त्यांच्यापुढे बर्गंडीचे दोन पेले ठेवले. दोन्ही वाइन जवळजवळ एकाच ठिकाणच्या होत्या, परंतु एक सामान्य होती आणि दुसरी विलक्षण. हा फरक कशामुळे पडतो, या कुतूहलातून पुढचे सारे लेखन निघाले, असे जॉन्सन सांगतात. येथे आरंभ नशेपासून किंवा चैनीपासून झालेला नाही. तो तुलनेपासून, म्हणजे समीक्षेच्या मूळ कृतीपासून झाला आहे. पुढे ‘व्होग’मधील लेखन, 1963 मध्ये आंद्रे सिमॉन यांच्यानंतर ‘वाइन अँड फूड’ नियतकालिकाचे संपादन, 1966 मध्ये ‘वाइन’ हे पहिले पुस्तक आणि 1971 मध्ये ‘द वर्ल्ड ॲटलस ऑफ वाइन’ असा त्यांचा प्रवास झाला. ॲटलसने वाइनला नकाशावर आणले. कोणता उतार, कोणती माती, ओढ्याच्या कोणत्या बाजूचा मळा, हे वाचकाला प्रथमच इतक्या तपशिलाने पाहता आले. केंब्रिजमधील त्या दोन पेल्यांचे उत्तर जॉन्सन यांनी भूगोलात शोधले, असे म्हणता येईल.

त्यांची दुसरी आवड झाडांची. 1973 मध्ये त्यांनी वृक्षांवर ग्रंथ लिहिला आणि 1975 पासून बागकामाची रोजनिशी ‘ट्रॅड’ या नावाने चालविली. एसेक्समधील सेलिंग हॉल येथे त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे बाग जोपासली. वाइनची बाटली दहा-वीस वर्षे राखून ठेवणारा आणि ओकचे रोप लावणारा माणूस एकाच स्वभावाचा असतो. काळाला काम करू देणे हे जॉन्सन यांचे मूलभूत मूल्य आहे आणि त्यांच्या वाक्यांची संथ लयही त्यातूनच आली आहे.

आत्मपर ग्रंथाची रचना या दृष्टीने बोलकी आहे. जीवनक्रम बाजूला ठेवून फेसाळ, पांढरी, लाल आणि गोड अशा वाइनच्या प्रकारांनुसार ती केलेली आहे. जॉन्सन यांच्या मते वाइन म्हणजे प्रथमतः माणसामाणसांतील संबंध, आतिथ्य, सोबत. भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाचा आस्वाद घेणाऱ्या ‘सुमनस’ पुरुषाचा दाखला दिला आहे. केवळ अन्न पुरत नाही, प्रसन्न मनाचा भोक्ताही लागतो. जॉन्सन यांना हा दाखला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्यांची भूमिका त्याच्या जवळ जाते.

याउलट रॉबर्ट पार्कर. मेरीलँडमधील या वकिलाने 1978 मध्ये जाहिराती न घेणारे ‘द वाइन ॲडव्होकेट’ हे वार्तापत्र सुरू केले आणि 50 ते 100 अशी गुणपद्धती रूढ केली. बोर्दोच्या 1982 च्या हंगामाची त्यांनी केलेली प्रशंसा गाजली आणि त्यांच्या गुणांवर बाजारभाव हलू लागले. जॉन्सन यांनी या पद्धतीची थट्टा केली. त्यांच्या विनोदी मापनात सर्वांत खालची पायरी म्हणजे नुसता एक वास. मग घोट, पेला, बाटली असे चढत शेवटी सबंध मळाच विकत घ्यावा! थट्टा खुमासदार आहे. परंतु तिच्यामागील विचार गंभीर आहे : रुचीचे माप पिण्याच्या इच्छेत असते, अंकात नसते.

मात्र येथेच जॉन्सन यांची बाजू कमकुवत होते. 1977 पासून दरवर्षी निघणाऱ्या त्यांच्या खिशातल्या पुस्तिकेत उत्पादकांना एक ते चार तारे दिलेले असतात, हंगामांचे तक्तेही असतात. अंक नाकारणारा लेखक तारे वाटतो, या विसंगतीचे समाधानकारक स्पष्टीकरण आत्मपर ग्रंथात मिळत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न हितसंबंधांचा आहे. 1986 ते 2001 या काळात ते शातो लातूरच्या (आपल्या लातूरशी केवळ उच्चारसाधर्म्य!) संचालक मंडळावर होते, 1990 मध्ये हंगेरीत रॉयल टोकाय कंपनीच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, वाइन विकणाऱ्या एका मंडळाचे ते अध्यक्षही होते. यांतील काहीच त्यांनी लपविले नाही. लातूरच्या मेजावरील हकिकती ते मोकळेपणाने सांगतात आणि त्या ग्रंथातील उत्तम पानांपैकी आहेत. पण यजमानाविषयी लिहिणारा पाहुणा कितपत परखड राहू शकतो? ओरेगॉनमधील ज्या मळ्यात पार्कर यांची भागीदारी होती, त्याच्या वाइनचे परीक्षण त्यांनी केले नाही. या एका बाबतीत, त्यांचे गद्य कितीही रुक्ष असले तरी, वकिलाची शिस्त मला अधिक विश्वासार्ह वाटते.

या ग्रंथात वर्णिलेल्या बहुतेक वाइन प्रस्तुत लेखकाने चाखलेल्या नाहीत आणि चाखण्याची शक्यताही कमीच. तरीही जॉन्सन वाचनीय ठरतात, कारण ते चवीचे वर्णन फळाफुलांच्या यादीने करीत नाहीत. ती कोठे, कोणत्या हवेत, कोणाबरोबर घेतली हे सांगतात. पार्कर यांचे गुण ती बाटली विकत घेणाऱ्यालाच उपयोगी पडतात. जॉन्सन यांचे लेखन न घेणाऱ्यालाही काही देते. सेलिंग हॉल सोडताना 2013 मध्ये त्यांनी आपला तळघरातील संग्रह लिलावात काढला आणि ते लंडनला परतले. त्यानंतर 2022 मध्ये याच आत्मकथनाची नवी आवृत्ती आली.