नीतीचं माप कुणाच्या हातचं?

आपल्यातल्या बाईनं आत्मकथन लिहिलं की दोन सवाल ठरलेले. पांढरपेशा समीक्षक विचारतो, यात कला कुठाय? आपला कार्यकर्ता विचारतो, हे घरातलं चव्हाट्यावर मांडायची गरज होती काय? पहिल्याला उत्तरं देऊन देऊन आपली एक पिढी म्हातारी झाली. दुसऱ्या सवालाला मात्र कुणी हात घालत नाही. म्हणून हे लिहितोय.

उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ साली आलं. बाई आपल्या रत्नागिरीच्या, फणसवळ्याच्या. देशावर बांबूचं काम बुरूड करतात, कोकणात ते महारवाड्यात व्हायचं. सुपं, टोपल्या, हे सगळं आयदान. वडील शिक्षक. पोरं शिकावीत म्हणून त्यांनी बिऱ्हाड रत्नागिरीला आणलं आणि लवकरच गेले. मागं राहिलेल्या आईनं आयदानं विणून पोरं जगवली. त्या विणण्याचा आणि आपल्या लिहिण्याचा पीळ एकच, असं लेखिका मानते.

पुस्तकाच्या सुरवातीलाच वाडीतल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्यात. लाकूडफाटा, गवत, आंबे. डोंगर चढायचा, उतरायचा, विकायचं, परत यायचं. आणि चालता चालता या बाया शिव्या देतात. कुणाला? ज्या मूळपुरुषानं असल्या अडचणीच्या जागी वस्ती केली त्याला.

दोस्तांनो, ही शिवी नीट ऐका. शाळेच्या पुस्तकात कष्टकरी बाई आली की ती जात्यावर गोड गळ्यानं गाते. इथं ती शिवी घालते. ही शिवी म्हणजे निकाल आहे. जागा निवडली पुरुषानं, ओझं आलं बाईच्या डोक्यावर. निवडताना तिला कुणी विचारलं होतं? पूर्वजाला हात जोडायचे ही ब्राह्मणी नीती झाली. त्याला जाब विचारायचा ही या बायांची नीती. ती त्यांना कुठल्या पोथीनं शिकवली नाही, मानेवरच्या ओझ्यानं शिकवली.

दुसरा प्रसंग शाळेचा. मास्तर पोरीला शेण काढायला लावतो. आई रस्त्याकडंला आयदान विणत बसलेली असते. ती मास्तराला तिथंच गाठून खडसावते. विधवा बाई, पोटासाठी रस्त्यावर बसलेली, गावच्या हिशेबात तिला काडीची किंमत नाही. पण बोलते ती मालकिणीगत. मी राबते ती पोर शिकावी म्हणून, तुमचं शेण काढावं म्हणून नव्हे, असा तिचा रोख. स्वाभिमानावर आपण शंभर भाषणं ठोकली असतील. स्वाभिमानाची मुळं कुठं असतात ते इथं दिसतं.

आणि त्याच आईनं विणलेलं आयदान पोचवायला पोरगी जाते, तेव्हा गिऱ्हाईक तिला दारात उभं करतं आणि आयदानावर पाणी शिंपडून ते आत घेतं. हातानं केलेली वस्तू चालते, हात चालत नाही. मग सोवळ्याची ही मापं आपण कशापायी वापरायची?

मी गिरणीत राबणारा माणूस. वीस नंबरचं जाडं सूत साठ नंबरच्या बारीक सुताच्या मापानं तपासलं तर ते नापासच होणार. खोट सुतात नसते, माप दुसऱ्याचं असतं. बाईच्या जिण्याचंही तेच. ज्यांच्या बायांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची गरज नव्हती, त्यांनी अब्रूचं माप बनवलं. ज्या बाईला बाजारात उभं राहून, दुअर्थी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडास तोंड देऊन आंबे विकायचेत, तिला ते कसं लागू पडावं? उर्मिला पवारांची 'कवच' ही कथा हेच सांगते. त्या बाईची तिखट जीभ हेच तिचं कवच.

हे दुखणं आपल्याच देशातलं नाही. अमेरिकेत मार्था बॅलार्ड नावाच्या गोऱ्या सुईणीनं १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं रोजनिशी लिहिली. आठशेच्या वर बाळंतपणं, कापड विणणं, हवापाणी. किरकोळ म्हणून ती बाजूला पडली. १९९० साली लॉरेल उलरिक या इतिहासकार बाईनं तिच्यातूनच अख्ख्या गावाचं जिणं उभं केलं. पण मार्थाजवळ निदान घर होतं, कागद होता. हॅरिएट जेकब्ज ही काळी गुलाम बाई. मालकाची वखवख चुकवायला तिनं दुसऱ्या गोऱ्याशी संबंध ठेवला, दोन लेकरं झाली. पुढं आजीच्या घराच्या माळ्यावर, जिथं ताठ उभंही राहता येत नाही अशा जागी, ती जवळजवळ सात वर्षं लपली. १८६१ साली टोपणनावानं पुस्तक काढलं आणि वाचणाऱ्या गोऱ्या बायांना बजावलं की गुलाम बाईला तुमच्या मापानं मोजू नका. हा आपलाच सवाल आहे.

आता आपल्या घराकडं वळू. बेबी कांबळेंनी 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून लिहिलं. १९८६ साली ते पुस्तकरूपात आलं. त्यात सासुरवासात नाक कापलेल्या सुना आहेत. नाक कापणारे हात सवर्णांचे नव्हते, आपलेच होते. हे लिहिल्यानं चळवळीची बदनामी होते म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, नाक कापल्यानं होत नव्हती काय?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही शीलाचा आग्रह धरला. धरलाच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायांना लुगडं नेसायची रीत बदला, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, असं सांगितलं. १९३६ साली मुंबईत दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणींना हे जिणं सोडा म्हणाले. बोलणं कडक होतं, झोंबणारं होतं. पण नीट बघा. दोन्ही ठिकाणी बाई समोर बसलेली आहे आणि ते तिच्याशी बोलतायत. तिच्या पाठीमागं निवाडा केलेला नाही. बेडी तोड असं सांगणं वेगळं आणि बेडीचा वळ दिसला म्हणून नाक मुरडणं वेगळं. आपल्यातले बरेचजण दुसरं करतात आणि नाव बाबासाहेबांचं घेतात.

'आयदान'मधलं सगळंच मला भावलं असं नाही. बिऱ्हाड मुंबईला गेल्यावर बैठका, संघटना, कार्यक्रम येतात आणि वीण सैल पडते. बाजाराच्या वाटेवरच्या त्या बाया मागं राहतात, त्यांची शिवी पुन्हा तशी ऐकू येत नाही. पण एम. ए. करायला निघालेल्या बाईला घरातूनच अडसर होतो, तो भाग आपल्यातल्या प्रत्येक नवऱ्यानं वाचावा. चळवळीत बाईच्या शिक्षणावर बोलायचं आणि घरात भाकरीचं विचारायचं, हे दुटप्पी जिणं तिथं उघडं पडलंय.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून वाडीवस्तीतल्या बायांना शोधत हिंडल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' निघालं. त्यांनी ते काम केलं नसतं तर किती बाया नावाविना गेल्या असत्या. अजून कितीतरी म्हाताऱ्या आपापल्या वाडीत बसून आहेत. वही घेऊन जा. त्या बोलतील तसं उतरवा. शिवी आली तर शिवी लिहा. नवऱ्यानं मारलं असेल तर तेही लिहा, भले तो नवरा चळवळीतला पुढारी असो. गाळायला बसू नका. मनूनं गाळलं, बखरकारांनी गाळलं. आता आपणही गाळलं तर त्या बायांनी जाब विचारायचा कुणाला?

जय भीम.