निर्वासितांचा शेरलॉक होम्स

हिवाळा आला कीं आमच्या शहरांत तिबेटी लोकांचीं लोकरी कपड्यांचीं दुकानें लागतात. घासाघीस करून स्वेटर घेणाऱ्या गृहस्थांच्या मनांत, ह्या विक्रेत्यांना कांहीं अर्वाचीन साहित्यहि असेल, अशी शंका क्वचितच येते. म्हणून जमयांग नोर्बू ह्यांच्या १९९९ सालीं निघालेल्या 'द मंडला ऑफ शेरलॉक होम्स' ह्या इंग्रजी कादंबरीविषयीं, उशिरा कां होईना, चार शब्द लिहावेसे वाटतात.

१९५९ च्या मार्चमध्यें ल्हासा येथील उठाव मोडला गेला आणि दलाई लामांच्या पाठोपाठ सुमारें ८०,००० लोक देशोधडीस लागले. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखालीं मदत समिति स्थापन झाली. म्हैसूर सरकारनें बायलाकुप्पे येथें जमीन दिली. १९७२ सालीं आपल्या विदर्भांतहि एक वसाहत झाली. बक्सा येथील जुन्या तुरुंगांत भिक्षूंनीं क्षयाशीं झगडत शास्त्राध्ययन चालू ठेवलें. १९७० सालीं धर्मशाळेस ग्रंथालय स्थापन झालें. माणसें वांचलीं, पोथ्या वांचल्या. परंतु मदत करणाराच्या मनांत नकळत एक अट असते: ज्यास आपण वांचविलें त्यानें आपल्या कल्पनेप्रमाणेंच राहावें. पाश्चात्त्यांची ती कल्पना बरीचशी किपलिंगच्या 'किम'मधील वृद्ध लामावरून आलेली आहे. हा लामा निष्पाप आहे, व्यवहारशून्य आहे, आणि त्यास सांभाळावयास गोऱ्या वंशाचा एक मुलगा सोबत आहे!

नोर्बू ह्यांनीं त्याच 'किम'मधला बंगाली हेर हरिबाबू उचलून त्यास वॉटसनच्या जागीं बसविलें आहे. मेला अशी समजूत असतां आपण दोन वर्षें तिबेटांत हिंडत होतों, असें होम्स कॉनन डॉइलच्या एका गोष्टींत सांगतो. तेवढ्याशा उल्लेखावर ही सारी इमारत उभी आहे. होम्स मुंबईस उतरतो, सिमल्यास जातो, आणि हरिबाबूसह ल्हासेस पोंचून तरुण तेराव्या दलाई लामांविरुद्ध चाललेल्या कारस्थानांत सांपडतो.

लेखक धर्मशाळेच्या नाट्यसंस्थेचे कांहीं काळ संचालक होते. म्हणजे परंपरा जपणें हें त्यांचें कामच होतें. अशा मनुष्यानें आपल्या इतिहासाशीं इतक्या मोकळेपणानें खेळावें ह्याचें आम्हांस फार कौतुक वाटलें. त्या खेळांत एक गंभीर दावाहि आहे. पुस्तकांतलें ल्हासा म्हणजे केवळ मठांचा समुदाय नव्हे. तेथें दरबार आहे, अधिकारी आहेत, चिनी अंबानाशीं चाललेला राजकारणाचा डाव आहे. आपलें जें गेलें तें राज्य होतें, असें निर्वासित साठ वर्षांहून अधिक काळ सांगत आले. अर्ज-निवेदनांतून जें कोणी ऐकत नाहीं तें येथें होम्सच्या नादानें वाचक ऐकून घेतो.

दुर्दैवानें शेवटचा भाग हें सारें बिघडवितो. शंभलच्या हिममंदिरांत होम्स आणि मोरिआर्टी ह्यांचें द्वंद्व मानसिक सिद्धींच्या बळावर होतें, आणि अनुमानपद्धति बाहेर बर्फांत राहते. पुनर्जन्म ही तिबेटी मनास सहज गोष्ट आहे, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे; पण श्रद्धेलाहि आपले नियम असतात, येथें मात्र केवळ आतषबाजी आहे. ज्या चमत्कारमय तिबेटाची पाश्चात्त्यांस हौस, तेंच लेखकानें अखेरीस त्यांच्या हातीं दिलें. पहिल्या अर्ध्या भागांत त्यांनीं जें मोठ्या कष्टानें मिळविलें होतें तें पाहतां ही चूक क्षुल्लक म्हणवत नाहीं.

हरिबाबूची इंग्रजी भारदस्त, अवजड शब्दांची आहे. तिला हंसतांना आमच्यासारख्या प्राध्यापकांस थोडें बोचतें; आम्हीहि तसेंच लिहीत होतों. कोणी मराठी भाषांतरास हात घातलाच, तर जुन्या हेडमास्तरांची संस्कृतप्रचुर मराठी त्यास उपयोगी पडेल.