‘सी ऑफ पॉपीज’मधील स्मृतिवस्तू
एकोणिसाव्या शतकातील स्थलांतरितांनी सोबत नेलेल्या वस्तू म्हटल्या की देव, दागिने व भांडी डोळ्यांसमोर येतात. अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या कादंबरीतील दीती मात्र १८३८ साली गिरमिटियांच्या जहाजातून मॉरिशसकडे निघते, तेव्हा घरातले काहीच तिच्यापाशी नसते. मुलगीही मागेच राहते. जहाजावर मरणासन्न सरजू तिला अफू, गांजा व धोतरा यांच्या बियांचे बोचके सोपवते. ज्या अफूने पतीला ग्रासले, तीच आता तिचा वारसा ठरते. स्मृतिवस्तू म्हणजे सुखद भूतकाळाचा अवशेष, ही रूढ समजूत येथे अपुरी पडते. शिवाय पेरलेले बी संग्रहालयात उरत नाही. त्याची नोंद साहित्यच ठेवू शकते.